हळदीच्या पाण्यातली चकती आणि डब्यातली कवळी

दातांच्या साहित्यावरचे भारतीय शोधनिबंध वाचायला बसलं की एक प्रयोग पुन्हा पुन्हा भेटतो. इतका, की दहाव्या पेपरनंतर पुढची ओळ न वाचताही सांगता येते. कवळीच्या ॲक्रिलिकच्या, नाहीतर दातात भरायच्या कंपोझिटच्या छोट्या गोल चकत्या करायच्या. त्यांना पॉलिश करायचं, रंग मोजायचा. मग एक गट चहात, एक कॉफीत, एक कोलात आणि एक हळदीच्या पाण्यात बुडवून ३७ अंशांवर ठेवायचा. सात दिवस, चौदा दिवस, कधी महिनाभर. बाहेर काढून पुन्हा रंग मोजायचा. निष्कर्ष बहुतेक वेळा हाच: हळदीचा डाग सगळ्यात जास्त. आणि शेवटच्या परिच्छेदात सल्ला, की रुग्णांनी रंग सोडणारे पदार्थ कमी खावेत.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मी दंतवैद्य नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता पीएच.डी. पॉलिमरवर चालू आहे. कवळीचा गुलाबी भाग म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, आपल्या बोलण्यातलं ॲक्रिलिक, त्यामुळे हे पेपर माझ्या वाटेत येतात. दुसरं म्हणजे मी पुसेगावची. पुसेगाव म्हटलं की पुण्याकडची माणसं सेवागिरी महाराजांच्या यात्रेबद्दल विचारतात, ते साताऱ्याचं. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. आमच्या जिल्ह्यात काढणीच्या दिवसांत शिजवलेल्या हळदीचा वास कपड्यांतून जात नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात ज्याला 'डाग पाडणारा द्राव' म्हणतात ते आमच्याकडे पीक आहे, वर्षाचा पैसा आहे आणि रोजचं वरण आहे. तेव्हा 'हळद कमी खा' हा सल्ला कुणासाठी लिहिला असेल, हा प्रश्न मला पडणारच.

पण आधी या पेपरांचं जे चांगलं आहे ते सांगते. १९८० मध्ये अमेरिकेत आयोवा इथे चॅन आणि सहकाऱ्यांनी कंपोझिटवर अन्नाचे डाग कसे पडतात ते तपासलं, तेव्हा त्यांच्या यादीत कॉफी, चहा, कोला आणि सोया सॉस होता. त्यांच्या जेवणात होतं ते त्यांनी घेतलं, यात त्यांचं काही चुकलं नाही. २००१ मध्ये जर्मनीत श्टोबर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात रेड वाइनबरोबर हळदही होती, आणि या दोघींनीच सगळ्यात जास्त रंग चढवला. म्हणजे आपल्या ताटातला पदार्थ प्रयोगशाळेत यायला बराच वेळ गेला. भारतीय विद्यार्थ्यांनी तो मोठ्या प्रमाणावर आणला, हे योग्यच झालं. पुढच्या दाताचा तुकडा पडलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलीला कंपोझिट बसवायचं असेल तर ते सहा महिन्यांत पिवळं पडणार का, हा तिच्यासाठी फार मोठा प्रश्न असतो. त्याचं उत्तर इथे मिळू शकतं.

आता रसायन. हळदीचा रंग मुख्यतः कर्क्युमिनचा. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला तेल आवडतं, अल्कोहोल आवडतं, आणि प्लास्टिकसुद्धा. प्लास्टिकचा डबा एकदा भाजीने पिवळा झाला की घासून पांढरा होत नाही, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे. ॲक्रिलिक तोंडात थोडं पाणी पितं, किंचित फुगतं, आणि वरच्या थरात रंगाच्या रेणूंना शिरायला जागा होते. आयोवाच्या अभ्यासात कंपोझिटवरचा डाग वरवरचाच, साधारण ५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी खोल असावा असा अंदाज निघाला होता. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा.

कर्क्युमिनच्या आणखी दोन सवयी आहेत. अल्क पदार्थ लागला की ते लाल होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच्याच जोरावर, आणि हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल पडतो तेही यामुळेच. दुसरी सवय अशी की उजेडात त्याचा रंग उडतो. पांढऱ्या सदऱ्यावर हळद सांडली तर आई तो धुवून उन्हात टाकते, आणि संध्याकाळपर्यंत डाग फिका होतो. यात काही जादू नाही, प्रकाशाने रेणू तुटतो.

हे सगळं डोक्यात ठेवून आता त्या बाटलीकडे बघा. पाण्यात हळदपूड टाकली. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणजे काही वेळाने पूड तळाशी बसणार. ॲक्रिलिक पाण्यापेक्षा जड, चकतीही तळाशी जाणार. मग चकती हळदीच्या द्रावात आहे की हळदीच्या गाळात रुतलेली आहे? दोऱ्याने टांगली होती का? दिवसातून किती वेळा हलवली? पाणी रोज बदललं का? काही पेपरांत याची उत्तरं नीट दिलेली असतात. बऱ्याच पेपरांत 'बाजारात मिळणारी हळद पूड' एवढंच असतं. कोणती जात, कर्क्युमिन किती टक्के, काहीच नाही. आमच्याकडचा कुणीही शेतकरी सांगेल की हळद-हळदीत फरक असतो, बाजारात भावही त्यावरच ठरतो. ज्या घटकामुळे डाग पडतो त्याचंच प्रमाण न लिहिता दोन पेपरांची तुलना करायची, म्हणजे वजनकाट्याशिवाय क्विंटलचा भाव करण्यासारखं झालं.

शिवाय हळद आपण पाण्यात कालवून पीत नाही. ती फोडणीत पडते, तेलात रंग सोडते, त्यात मीठ येतं, चिंच किंवा टोमॅटो येतो, आणि ती गरम असताना तोंडात जाते. तोंडात लाळ असते, जीभ सतत पुसत असते. तेलात विरघळलेलं कर्क्युमिन ॲक्रिलिकशी जसं वागेल तसं पाण्यातल्या गाळातलं वागेल असं गृहीत धरायला मला आधार दिसत नाही. ते जास्त डाग पाडेल की कमी, हे मोजूनच सांगता येईल. आणि आमच्याकडे तंबाखू चुना लावून खाल्ली जाते, बायका मिश्री लावतात. हळद आणि चुना एका तोंडात आले की कुंकवाचंच रसायन. प्रयोगाच्या बाटलीत चुना नसतो. मिश्री तर डाग पाडते आणि घासतेही. घासलेल्या खरखरीत पृष्ठभागावर पुढचा डाग जास्त बसतो. खरा प्रयोग इथे होता.

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. २००५ मध्ये तुर्कस्तानातल्या गुलेर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यात हिशेब असा होता: कॉफीचा एक कप प्यायला १५ मिनिटं लागतात, कॉफी पिणारा माणूस दिवसाला सरासरी ३.२ कप पितो. म्हणजे रोज ४८ मिनिटं. महिन्याची १४४० मिनिटं, म्हणजे बरोबर २४ तास. म्हणून २४ तास बुडवणं म्हणजे महिनाभर कॉफी पिणं. हिशेब कॉफीसाठी केला होता आणि तेवढ्यापुरता समजण्यासारखा आहे (तरी कॉफीचा घोट पंधरा मिनिटं दातांवर थांबत नाही, हे सोडून देऊ). पुढे हे सूत्र सुटलं आणि सगळीकडे गेलं. चहाला लागलं, कोलाला लागलं, आणि हळदीलाही. सात दिवस हळदीच्या पाण्यात म्हणजे सात महिन्यांचा वापर! वरण-भाताचा घास तोंडात किती सेकंद असतो? दिवसातून किती वेळा? कोणी मोजलंय? हळदीसाठी हा आकडा कुठून आला हे शोधत मागे गेलं की एक पेपर दुसऱ्याचा संदर्भ देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि शेवटी आपण कॉफीच्या कपापाशी येऊन उभे राहतो.

रंग मोजण्याचं बघू. रंगाचे तीन आकडे असतात: उजळपणा, लाल-हिरवेपणा, पिवळे-निळेपणा. आधीचे तीन आणि नंतरचे तीन यांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं, की मिळतो 'डेल्टा ई'. समजा उजळपणा ३ ने घटला, लालपणा २ ने वाढला आणि पिवळेपणा १२ ने वाढला, तर ९ अधिक ४ अधिक १४४, म्हणजे १५७, वर्गमूळ साधारण १२.५. आकडा एकच, पण तो जवळजवळ सगळा पिवळेपणाचा. हळदीच्या बाबतीत असंच होणार, म्हणून तिन्ही आकडे वेगळे छापायला हवेत. अनेक पेपर फक्त शेवटचा छापतात.

मग हा फरक डोळ्याला चालेल की नाही? जुन्या पेपरांत ३.३ किंवा ३.७ ही मर्यादा धरतात. त्या १९८७ आणि १९८९ च्या अभ्यासांतून आल्या. २०१५ मध्ये पराविना आणि सहकाऱ्यांनी अनेक केंद्रांत निरीक्षकांना बसवून तपासलं, तेव्हा निम्म्या लोकांना फरक जाणवायला लागतो तो साधारण १.२ ला, आणि निम्म्यांना तो खपेनासा होतो तो २.७ ला. आंतरराष्ट्रीय मानकांनी हे आकडे घेतले. आता गंमत बघा. हळदीचा डेल्टा ई दहाच्या पुढे सहज जातो. एका कंपनीचं साहित्य १२ वर आणि दुसऱ्याचं १४ वर गेलं, तर पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येईल, तक्त्यात तारा लागेल, आणि निष्कर्षात 'अमुक साहित्य लक्षणीयरीत्या चांगलं' असं येईल. पण डोळ्याला दोन्ही पिवळीजर्दच. खपण्याची मर्यादा २.७ असताना १२ आणि १४ मधला फरक सांख्यिकीला महत्त्वाचा वाटेल, कवळी घालणाऱ्याला वाटणार नाही.

आणि चकती केली कोणी? कवळीचं ॲक्रिलिक पूड आणि द्रव मिसळून साच्यात घालतात आणि गरम पाण्यात शिजवतात. नीट पद्धत म्हणजे साधारण ७४ अंशांवर बराच वेळ, नंतर उकळत्या पाण्यात. घाई करून एकदम तापवलं तर आतला द्रव, जो स्वतः १०० अंशांच्या आसपास उकळतो, बुडबुडे करतो आणि कवळी सच्छिद्र होते. अर्धवट शिजली तर न जोडलेला मोनोमर मागे राहतो. मानकाप्रमाणे उष्णतेने शिजवलेल्या ॲक्रिलिकमध्ये तो २.२ टक्क्यांच्या वर नको. छिद्रं, राहिलेला मोनोमर, कमी-जास्त पॉलिश, या सगळ्यांनी डाग ठरतो. प्रयोगातली चकती एका विद्यार्थ्याने मन लावून केलेली असते, एका डब्यातल्या पुडीची, एकाच यंत्रावर शिजवलेली. अशा दहा चकत्या म्हणजे सांख्यिकीच्या तक्त्यात दहा नमुने, पण खरं बघितलं तर एकाच भांड्यातले दहा घास. गावातल्या माणसाची कवळी मात्र कुठल्या तरी लॅबमध्ये, दिवसाला अनेक कवळ्या उरकणाऱ्या कारागिराच्या हातून निघते. कंपनी-कंपनीतल्या फरकापेक्षा हातापरत्वे पडणारा फरक मोठा असेल, असा माझा कयास आहे. तो तपासायचा तर वेगवेगळ्या लॅबमधून ऑर्डर देऊन चकत्या करून घ्याव्या लागतील. महाग काम नाही, फक्त अवघड वाटणारं आहे.

मग हाच प्रयोग एवढा लाडका का? मी याला आळस म्हणणार नाही. एम.डी.एस. तीन वर्षांचं. त्यात प्रबंध सक्तीचा, आणि सोबत रोजची ओपीडी. रुग्णांवरचा अभ्यास म्हणजे नैतिक समितीची परवानगी, संमतीपत्रं, पुन्हा तपासणीला न येणारी माणसं. चकती कुठे जात नाही. ती तारखेला हजर असते, शेतात सोयाबीन काढायला गेलेली नसते. रंग मोजायचं यंत्र जवळच्या विद्यापीठात मिळतं. सहा महिन्यांत आकडे हातात. मार्गदर्शकही हेच करून आलेले. व्यवस्थेने ज्याला सोपं केलंय ते माणसं करतात, माझ्या विषयातही हेच चालतं. प्रश्न एवढाच, की शेकडो चकत्या बुडवून झाल्यावरही कवळीबद्दलचा आमच्या गावातला मुख्य प्रश्न जिथल्या तिथे आहे.

तो प्रश्न आमच्या घरातच होता. आजीची कवळी बारा वर्षं पांढरीशुभ्र राहिली. हळदीचा एक ठिपका नाही. कारण ती स्टीलच्या डब्यात, पदराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेली असायची. लग्नकार्यात घालायची आणि पंगत बसली की काढून ठेवायची. मी एकदा विचारलं, "आजी, जेवताना का काढतेस गं?" तर म्हणाली, "माय, हे जेवायचे दात नाहीत, हे फोटूचे दात हायेत." खालची कवळी जीभ हलली की उचलायची, भाकरीचा तुकडा आत शिरला की हिरडी सोलायची. मग ती भाकरी वरणात कुस्करून हिरड्यांनीच खायची. प्रयोगशाळेच्या भाषेत तिच्या कवळीचा डेल्टा ई शून्य. उत्तम रंग-स्थिरता!

यातली गोम अशी की ज्याला चावता येत नाही तो मऊ खातो, आणि आमच्याकडचं मऊ म्हणजे वरण, पिठलं, खिचडी, सगळं पिवळं. जी माणसं कवळी घालून जेवतात त्यांच्या कवळीवर हळद चढणारच. गावात पिवळी कवळी दिसली की मला बरं वाटतं, ती वापरात आहे. चकतीच्या प्रयोगात मात्र डाग म्हणजे साहित्याचं अपयश, एवढाच अर्थ मांडता येतो. तोंडात न गेलेल्या कवळीला मोजायला त्या प्रयोगात रकानाच नाही.

याचा अर्थ म्हाताऱ्या माणसांना दिसण्याचं काही पडलेलं नसतं असं नाही. आजी फोटोसाठी दात लावायचीच की. पिवळ्या दातांची लाज वाटून तोंडावर पदर धरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. रंग महत्त्वाचा आहे. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे.

चावणं मोजता येत नाही म्हणून रंग मोजतात, असंही नाही. १९५० मध्ये मॅन्ली आणि ब्रेली यांनी माणसांना शेंगदाणे चावायला दिले, चावलेला चुरा चाळणीतून गाळला आणि किती खाली पडला ते मोजलं. शेंगदाणे आणि चाळणी! स्पेक्ट्रोफोटोमीटरही नको. १९६४ मध्ये कपूर आणि सोमन यांनी पूर्ण कवळी घालणाऱ्यांची चावण्याची कार्यक्षमता तपासली, तर ती स्वतःचे दात असलेल्यांच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी निघाली. १९७२ मध्ये टॉलग्रेन यांनी पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून दाखवलं की दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत राहतं, आणि खालच्या जबड्यात ते वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. खालची कवळीच का हलते याचं उत्तर इथे आहे. हे सगळं माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. चाळणीचा प्रयोग ज्वारीच्या भाकरीवर करायचा तर कोरड्या तुकड्याने की कालवणात भिजवलेल्या, एवढंच आधी ठरवावं लागेल.

इथे कुणी म्हणेल, मग इम्प्लांट करा की. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या परिषदेत तज्ज्ञांनी मत दिलं की खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हा पहिला पर्याय असावा. हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू, त्यावर बटणासारखी बसणारी कवळी. समाधान वाढतं, कवळी हलत नाही, हे चाचण्यांत दिसलंय. पण २०१३ मध्ये हमदान आणि सहकाऱ्यांनी २५५ ज्येष्ठांवरची चाचणी छापली. निम्म्यांना साधी कवळी, निम्म्यांना दोन इम्प्लांटची. वर्षाने त्यांच्या आहारातली पोषकद्रव्यं मोजली, तर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. म्हणजे चावता यायला लागलं तरी माणूस लगेच वेगळं खात नाही. वर्षानुवर्षांची सवय, घरात काय शिजतं, पैसा, हे सगळं तिथेच असतं. मला हा पेपर आवडतो तो यासाठी, की प्रश्न खरा होता आणि उत्तर लेखकांच्या सोयीचं नव्हतं. आमच्याकडे 'फिक्स दात' म्हणजे काय हे लोकांना माहीत आहे. किंमत ऐकली की विषय तिथेच थांबतो.

उलट २००५ चा मॉन्ट्रियलचा, कवाई आणि सहकाऱ्यांचा अभ्यास मला पुसेगावसाठीच केल्यासारखा वाटतो. १२२ माणसं. अर्ध्यांना पारंपरिक, सगळ्या पायऱ्या पाळून केलेली कवळी, अर्ध्यांना काही पायऱ्या गाळून सोप्या पद्धतीने केलेली. तीन आणि सहा महिन्यांनी रुग्णांच्या समाधानात फरक नाही. आता हे आमच्या हिशेबात मांडा. पूर्ण कवळीला साधारण पाच फेऱ्या: पहिलं माप, दुसरं माप, चावा बघणं, मेणावरचे दात लावून बघणं, आणि हातात मिळणं. मग टोचतं म्हणून आणखी दोन-तीन. मराठवाड्यातलं शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, आमच्यापासून दोनशे किलोमीटरांच्या आसपास. परभणी-नांदेड जवळ, पण तिथेही एसटीने जाऊन येईपर्यंत दिवस जातो. सोबत कुणीतरी लागतं, म्हणजे दोघांचा रोज बुडतो. टोचण्याच्या फेऱ्या इथेच गळतात, आणि कवळी डब्यात जाते. पाचाच्या तीन फेऱ्या झाल्या तर किती कवळ्या डब्याबाहेर राहतील, हा प्रबंधाचा विषय आहे. त्याला चकती लागत नाही.

सरकारी कागदावरही कवळीचं असंच आहे. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत काठी, श्रवणयंत्र, चष्मा यांच्यासोबत कृत्रिम दातही आहेत. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, पासष्टीच्या पुढच्यांना एकरकमी ३००० रुपये. तिच्या जाहीर यादीत चष्मा आहे, वॉकर आहे, कमोड खुर्ची आहे, कमरेचा पट्टा आहे. दातांचं नाव नाही. अशी यादी करणाऱ्यांपुढे ठेवायला आपल्याकडचा पुरावा हवा: कवळी मिळालेल्या किती जणांनी वर्षाने ती घातली, काय खाल्लं, वजन किती बदललं. 'अमुक कंपनीच्या चकतीवर कमी डाग' या वाक्याने कुठलीच यादी बदलत नाही.

मला हळदीचे प्रयोग बंद व्हायला नकोयत. ते आमच्या जिल्ह्यात व्हावेत. वसमतला हळद संशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांशी बोलून कर्क्युमिनचं प्रमाण माहीत असलेली हळद घ्या, ती तेलात फोडणीला घाला, चकत्या चार वेगवेगळ्या लॅबमधून करून आणा. आणि बाटल्यांसोबत पन्नास खऱ्या कवळ्या बघा, माणसांच्या तोंडातल्या आणि डब्यातल्या. दोन्हींचा रंग मोजा, आणि शेजारी लिहा की ती रोज किती तास तोंडात असते. ब्राझीलमध्ये हेच कर्क्युमिन निळ्या प्रकाशासोबत वापरून कवळीखाली वाढणाऱ्या कॅन्डिडा बुरशीवर काम चाललंय. तिकडे ते औषध म्हणून तपासतायत आणि आपण त्याला फक्त डागाच्या रकान्यात ठेवलंय, हे मला जरा विचित्र वाटतं.

हा विषय निघाला की घरोघरी विचारतात, पिवळी पडलेली कवळी साफ कशी करायची. दंतवैद्याकडून खात्री करून घ्या, पण रसायनापुरतं सांगते. उकळत्या पाण्यात टाकू नका. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि कवळीचा आकार बिघडतो. सदऱ्यासारखी उन्हात वाळत घालू नका. कोरडी पडली की ती थोडी आकसते. मिश्री, राख, दंतमंजन अशा खरखरीत गोष्टींनी घासू नका, चरे पडले की पुढचा डाग पक्का बसतो. मऊ ब्रश आणि साधा साबण चालतो. साबणाने ती क्षणभर लालसर दिसली तर घाबरू नका, कुंकवाचं रसायन आठवा आणि भरपूर पाण्याने धुवा. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. डाग वरवरचा असतो, लॅबमध्ये पॉलिश करून बराचसा जातो. आणि कवळी हलत असेल, टोचत असेल, तर रंगाचं नंतर बघा. तिला आतून नवा थर देऊन हिरडीवर पुन्हा बसवता येतं, त्याला रीलाइन म्हणतात. दरवेळी नवी कवळी करावी लागत नाही.